हुंड्याच्या सायकलचा खटका

गुऱ्हाळातल्या चुलवाणाच्या तोंडात चिपाडाची पेंढी कोंबून आकारामनं मान वर केली, तर बांधाच्या वाटेनं एक बाई सायकल ढकलत येत होती. लाल सायकल, पांढऱ्या मुठी, उन्हात चमकणारी रिमं. त्यानं आधी सायकल ओळखली आणि मग पोरगी ओळखली. धुरानं डोळे चुरचुरत होते म्हणून असंल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पण खरं तसं नव्हतं. त्या सायकलपायी त्यानं जेवढे हेलपाटे घातले होते, तेवढे पोरीला स्थळ बघतानाही घातले नव्हते.

तो उठायला गेला तसा काहिलीजवळून जोतिबा गुळव्या ओरडला, "आरं ए आकाराम! जाळ पडला की! रसाचं आदण उतरंस्तवर जागा सोडायची न्हाई, सांगून ठेवतो."

"पोरगी आलीया माजी."

"मग पळून चालली व्हय ती? थांबंल की."

आणि ती थांबली. गुऱ्हाळाच्या कडेला बाभळीला सायकल टेकवून शिवांजली उन्हात उभी राहिली. तोंडावर धूळ, पायांतल्या चपलेचा अंगठा तुटलेला, काखेत एक गाठोडं. गुऱ्हाळावरचे सगळे गडी कामाच्या आडनं तिच्याकडं आणि सायकलकडं बघत होते. दिवाळसण होऊन गेलेला, संक्रांत लांब. अशा आडदिवशी पोरगी एकटी माहेराला येते तेव्हा कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना कळलेलं असतं.

आदण उतरलं, काहील गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली, तेव्हा कुठं आकाराम उठला. चुलवाणासमोर बसून हातावरचे केस जळालेले, भुवया करपलेल्या. तो जवळ जाऊन म्हणाला, "कवा निघालीस?"

"सकाळी. फाट्यापतुर एस्टीच्या टपावर टाकून आणली. तितनं ढकलत."

"जावईबापू?"

"न्हाई आलं."

"आणि ही कशापायी आणलीस?"

शिवांजलीनं सायकलकडं न बघता सांगितलं, "गेर अडकतोय. म्हणालं, तुज्या बापानं दिलीया, त्येच्याकडनंच नीट करून आण. गेर मोकळा झाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई."

वैशाखात लग्न झालं होतं. जावई वीरधवल, पाटणच्या अंगाला डोंगराच्या कुशीतलं गाव, खालच्या गावच्या डेअरीत दूध मापायची नोकरी. त्यांनी फटफटी मागितली होती. बोलाचालीत ती सायकलवर आली, पण साधी नाही, गेरची. "आमच्याकडं चढ हाय, पाव्हणं," असं व्याही नानासो म्हणाले होते, जणू चढ आकारामनंच तिथं नेऊन ठेवला होता. सायकलपायी दावणीची दुभती म्हैस गेली. वरातीत सायकलच्या हँडलला झेंडूचा हार घातला होता, पोरीच्या गळ्यातल्यापेक्षा जाड. लोकांनी पोरगी बघितली, मान हलवली, आणि सायकलभोवती जाऊन गोळा झाले.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावरनं आल्यावर आकारामनं दारात सायकल उलटी केली. चाकं वर, सीट खाली गोणपाटावर. सायकल त्यानं आयुष्यभर हाताळली होती, पण साधी. गेरची उघडायची ही पहिली वेळ. पायडल फिरवलं तर चेन मागच्या चाक्यांवर नुसती कुरकुरली. उजव्या मुठीजवळ अंगठ्यानं ढकलायचा पत्र्याचा खटका होता. तो ढकलला की तार ओढली जाणार आणि चेन एका चाकीवरनं दुसरीवर जाणार, एवढं त्याला ठाऊक होतं. खटका अर्ध्यात जाऊन थांबत होता. जोर लावला तर पुढं गेला, पण मागं येईना.

"तार आखडली असंल," साळूबाई चुलीपुढनं म्हणाली. आकारामची बायको सायकलवर कधी बसली नव्हती, पण पोरगी परत धाडायचा प्रश्न होता म्हणून तिलाही मत होतं.

"तार बरी हाय. खटक्यातच काय तरी हाय."

त्यानं जुना बनियन जमिनीवर अंथरला, करवंटीत रॉकेल घेतलं, आणि पेचकसानं खटक्याचा मधला स्क्रू सोडवला. वरची चकती निघाली, तिच्याखाली पातळ वायसर, त्याखाली स्प्रिंग. स्प्रिंग टणकन उडाली ती थेट राखेत. शिवांजलीनं ती बोटांनी चाळून काढली. तिची बोटं बारीक, नखं कातरलेली, तळहाताला घट्टे.

आत पिवळा राप बसला होता. नखानं खरवडला तर डिंकासारखा ताणला गेला.

"हे पिवळं काय गं?"

"हळद."

"सायकलला हळद?"

"खंडेनवमीला सासूबाईंनी पुजली. नांगराच्या फाळाला तेल घालतो मग हिला का न्हाई, म्हणाल्या. खटक्यात पळीभर करडीचं तेल वतलं, वर हळदकुंकू."

आकाराम हसला. करडीचं तेल वाळलं की रोगणागत धरतं, हे कुणाला ठाऊक नाही? भाकरीच्या तव्यावरचं सुद्धा खरवडून काढावं लागतं. "मग सांगायचं न्हाई का जावईबापूंना? सायकलचा दोस न्हाई, तुमच्या आईचं तेल हाय म्हणून?"

"सांगितलं," शिवांजली म्हणाली, आणि स्प्रिंग रॉकेलात बुडवून पुसत बसली.

कोंबडीच्या पिसानं त्यानं एकेक खाच धुतली. राप सुटून करवंटीतलं रॉकेल पिवळं झालं. वायसर, चकती, स्प्रिंग परत बसवली, एकदा उलटी बसली म्हणून पुन्हा उघडली. स्क्रू लय आवळला तर खटका हलेना, ढिला ठेवला तर आपसूक मागं येईना का पुढं जाईना, नुसता लोंबायला लागला. शेवटी बरोबर बसला. अंगठ्यानं ढकलला: टक्. पुन्हा: टक्. मागं चेन उडी मारून वरच्या चाकीवर बसली.

"बघ!" आकाराम लहान पोरासारखा ओरडला. "मोकळा झाला की! परवा धाडतो तुला. मी येतो संगं, जावईबापूंच्या हातात खटका देतो."

शिवांजली म्हणाली, "घाई काय हाय, आबा."

"घाई कशी न्हाई? नांदत्या घरची तू."

टायरात हवा कमी होती. त्यानं सायकलच्या नळीला अडकवलेला पंप हिसका देऊन काढला. हिसक्यानं हात डोक्याच्या वर गेला, आणि बाजूला उकिडवी बसलेली शिवांजली एकदम भिंतीला चिकटली. कोपर डोक्यावर, तोंड गुडघ्यांत.

"आगं, टायरात हवा घालतोय, तुज्यात न्हवं!" आकाराम हसत म्हणाला.

कुणी हसलं नाही. साळूबाईनं चुलीपुढनं एकदा बघितलं आणि फुंकणी उचलून जाळ फुंकायला लागली, जाळ चांगला धडधडत असताना.

दुसऱ्या दिवशी तो चुलवाणावरनं आला, हातपाय धुतले आणि उगीच एकदा तो आवाज ऐकावा म्हणून खटका दाबला. खटका अर्ध्यात जाऊन थांबला.

आकारामचं डोकं फिरलं. त्यानं पुन्हा सायकल उलटी केली, पुन्हा उघडली. आतनं चिकट ओल. तारेच्या नळीत जुनं तेल राहिलं असंल, तेच झिरपून आलं, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं तार पुरी बाहेर ओढली, रॉकेलच्या चिंधीनं पुसली, गुऱ्हाळाच्या इंजनाचं काळं तेल लावलं. तारेचं टोक अंगठ्यात घुसलं, रक्त आलं, ते त्यानं चोखलं. अंधार पडायच्या आत खटका वाजायला लागला. टक्, टक्.

ह्यावेळी तो ओरडला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. आता भावकीतली रंगुबाई दारात येऊन उभी राहिली. घागर काखेत, पाणी आधीच भरलेलं, म्हणजे तिला वाटेत थांबायचं काही कारण नव्हतं.

"काय आकारामभावजी, दुरुस्तीला सायकल आलीया का पोरगी?"

"सायकल आलीया."

"न्हाई, माणसं इचारत्यात. म्हणलं आपल्याच तोंडानं इचारावं. नवी सायकल अशी कशी अडकती म्हणायची? का जुनीच रंगवून दिली हुती?"

"वयनी, पाणी सांडतंय तुमचं."

"सांडू द्या. विहिरीला लय हाय," असं म्हणून रंगुबाई हसत गेली. आकारामचे कान तापले. एवढी म्हैस देऊन घेतलेली सायकल, आणि गाव म्हणणार जुनी रंगवली. त्याला राग आला तो दुकानदाराचा, रंगुबाईचा, खटक्याचा. पंपाचा आला नाही. पोरगी भिंतीला चिकटली ते त्याच्या डोळ्यांनी बघितलं होतं, पण बघणं आणि ध्यानात घेणं ह्यात बापलोक पुष्कळ अंतर ठेवतात. ठेवावं लागतं, नाहीतर पोरी सासरी धाडता येत नाहीत.

त्या संध्याकाळी निरोप आला. बाजाराच्या दिवशी नानासो कोरेगावला येणार होते, तिथनं इकडं येऊन सायकल आणि सून दोन्ही घेऊन जाणार होते.

बाजाराच्या दिवशी गुऱ्हाळाला सुट्टी होती. आकाराम सकाळीच उठून दारात आला. साळूबाई पाण्याला गेलेली. आदल्या दिवशी त्यानं खटका चौथ्यांदा धुऊन पुसून वाजता केला होता. आता हवा तेवढी भरायची आणि व्याह्याच्या हाती द्यायची. त्यानं पंप काढला, वाकला, आणि थांबला.

पुढच्या चाकापासून मुंग्यांची रांग चढत होती. काळ्या, बारीक, एकीमागं एक. चिमट्यावरनं वर, हँडलच्या दांडीवरनं उजवीकडं, थेट खटक्यात. खटक्याच्या फटीत त्यांचा गोळा जमला होता.

त्यानं अंगठ्यानं मुंग्या पुसल्या. अंगठा चिकटला. जिभेला लावला. गोड.

काकवी. गुऱ्हाळावरनं दर खेपेला तो किटलीत घेऊन यायचा तीच. चुलवाणावर बसणाऱ्याला मजुरीवर मिळणारी ती वरकड.

शिवांजली दारात केरसुणी घेऊन उभी होती. ती बघत होती.

"कुणी लावली ही?"

"मी."

"आणि काल?"

"काल बी. तुमी नीट केलं की मी लावती."

"कशापायी?"

"नीट झाली की धाडचाल."

आकारामचं पित्त खवळलं. चार दिवस जाळाम्होरं बसून आलेला माणूस, डोळे सुजलेले, त्यातनं रॉकेलात हात घालून खाचा धुतल्या, रंगुबाईचं ऐकून घेतलं. "तुज्या मारी!" म्हणून त्याचा हात वर गेला. हातात पंप होता.

शिवांजलीचं कोपर आपसूक डोक्यावर गेलं. तसंच. अगदी त्या दिवशीसारखं.

हात वरच राहिला. आकारामनं पंपाकडं बघितलं. पंपाची दांडी एका जागी वाकलेली होती. चार दिवस हवा घालताना ती अडकत होती आणि त्याला वाटत होतं, पंप बी तसलाच निघाला.

"ह्येनं मारतोय?"

तिनं कोपर खाली घेतलं. मग म्हणाली, "चढाला गेर पडला न्हाई तर खाली उतरून ढकलत यावं लागतंय. डेअरीतली पोरं हसत्यात. मग घरात आल्यावर."

"पंपानं?"

"पंपच हाताला येतोय."

घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. साळूबाई मागं उभी होती. आकारामनं तिच्याकडं वळून विचारलं, "तुला ठाव हुतं?"

"न्हायला घालताना बघितलं. पाठ हिरवी हाय सगळी."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"सांगून काय केलं असतंसा?" साळूबाईचा आवाज चढला नाही. "सायकल आणखी जोरात दुरुस्त केली असतीसा."

ते खरं होतं.

नानासो दुपारी आले. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, कडक टोपी, हातात बाजारची पिशवी. घोंगड्यावर बसले, गुळाचा चहा घेतला, पाऊसपाण्याचं, उसाच्या तोडीचं बोलले. सुनेची चौकशी केली नाही. ती आत होती, बांगड्यांचा आवाज येत होता, तेवढ्यानं त्यांचं भागलं.

"मग पाव्हणं? झाली का न्हाई? पोरगं पायी जातंय डेअरीला. बरं दिसतं का?"

आकाराम सायकलजवळ उभा होता. खटका त्यानं धुतला नव्हता. मुंग्या तेवढ्या झटकल्या होत्या, त्याही पुऱ्या गेल्या नव्हत्या. आत सगळं सामान होतं: रॉकेल, पीस, पेचकस. घटकाभराचं काम.

"न्हाई झाली," तो म्हणाला.

"न्हाई म्हंजी?"

"उघडून बघितली. चारदा. पुन्ना पुन्ना अडकतीया."

"बघू दे." नानासो उठले आणि त्यांनी अंगठ्यानं खटका दाबला. खटका अर्ध्यात जाऊन बसला. त्यांनी जोर केला, नाक फुगलं, मग अंगठा वर करून बघितला. "आणि ह्ये चिकाट कशाचं?"

"गुऱ्हाळातला हात हाय माजा. हातरूण सुदीक चिकाट झालंय आमचं."

नानासो खो खो हसले. एक मुंगी त्यांच्या पांढऱ्या बाहीवर चढली होती. ती मनगटापासून कोपराकडं चालली. आकारामचे डोळे तिच्यावर खिळले. नानासो हात हलवत बोलत होते आणि मुंगी चालत होती.

"माल फसवा घेतलासा, पाव्हणं. आमी फटफटी म्हणत हुतो, तुमीच ह्ये गळ्यात घातलं. सायकलचं म्हणतोय, पोरीबद्दल काय बोलत न्हाई. तरी तिलाबी जरा चार शब्द सांगून धाडा. बोललं की अडून बसती. माणसाचा हात उठतो मग. उठणारच."

आकाराम म्हणाला, "व्हय."

व्हय म्हणाला तो. लिहायला लाज वाटते, पण तेच म्हणाला. त्याच्या तोंडात दुसरं वाक्य होतं. पोरगी धाडत न्हाई, जावा. चारच शब्दांचं. त्याच्या हातात वाकलेला पंप होता आणि समोर त्या पोराचा बाप होता. पण देवळाच्या पायरीवर, विहिरीवर, गुऱ्हाळावर उद्या जी तोंडं उघडणार होती, ती सगळी त्या वाक्याच्या आडवी आली. पोरीच्या हिरव्या पाठीपेक्षा लोकांची जीभ मोठी. गावोगाव हेच चालतं, आणि आपण ह्याला रीत म्हणतो, पुन्हा वर हळदकुंकू वाहतो.

नानासोंनी बाही झटकली. मुंगी कुठं गेली कळलं नाही. "आज दोगांस्नी घिऊनच जाणार हुतो. आता गुढीपाडव्यापतुर बघू. तवर सायकल बी मोकळी करा आणि ती बी. न्हाई जमलं तर आमचं पोरगं मोकळं हाय, दुसरीकडं बघायला. माणसं दाराला येत्यात." पिशवी उचलून ते फाट्याकडं चालायला लागले. आकाराम रीतीप्रमाणं त्यांना बांधापर्यंत पोचवायला गेला. पिशवीही त्यानंच धरली.

परत आला तेव्हा मुंग्यांची रांग पुन्हा लागली होती. शिवांजली उंबऱ्यात बसली होती. साळूबाई चुलीपुढं, हातात काही काम नसताना.

आकाराम गोणपाटावर बसला. मग तो पोरीकडं न बघता म्हणाला,

"शिवे, काकवीला मुंग्या लागत्यात. कुणाच्या तरी ध्यानात येईल."

तिनं मान वर केली.

"करडीचं तेल घाल. हळद टाकून. त्यांचंच तेल, त्यांचीच हळद, कोण काय म्हणतंय."

साळूबाई उठली. घरात करडीचं तेल ती बोट बुडवून फोडणीला घालायची, थेंब सांडला तर दोन दिवस बोलायची. तिनं शिंकाळ्यावरची बाटली काढली, पळी भरली, भरून वर आली तरी ओतत राहिली, आणि पळी पोरीच्या हातात दिली.

शिवांजलीनं खटक्यात तेल सोडलं. बुडणाऱ्या मुंग्या वर आल्या, तेलावर पाय झाडत राहिल्या.

"आणि पाडव्याला, आबा?" तिनं विचारलं.

बांधापलीकडनं जोतिबा गुळव्याची हाक आली. बाजारातनं गडी परतले होते, संध्याकाळचं एक आदण काढायचं ठरलं होतं. "आकाराम! ए आकाराम! चुलवाण पेटवायला ये!"

आकारामनं डोक्याला टॉवेल गुंडाळला. जाताना पंप उचलला, काखेत मारला आणि गुऱ्हाळावर आला. चिपाडाची पहिली पेंढी कोंबली, दुसरी कोंबली, आणि तिसरीबरोबर पंप आत ढकलला. लाकडी मूठ आणि रबराची नळी जळाली, काळा धूर झाला, नाकाला झोंबला.

"काय जाळतोस रं?" जोतिबा वरनं ओरडला. "गुळाला वास लागंल!"

"काय न्हाई," आकाराम म्हणाला, आणि लोखंडी गजानं जाळ ढोसत बसला. पंपाची दांडी लाल झाली, वाकली होती तिथंच आणखी वाकली, पण जळाली नाही. राख ओढताना ती पुन्हा बाहेर येणार होती.